आवराआवर

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
माझी आई रोज चढते, संध्याकाळी सहाला,
एका हातात बादली, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा,
आणि मागून मी,
दप्तरात एकशे बारा कार्डं :
दिवाणी हिरवी, फौजदारी गुलाबी,
पिवळी अजून कोरीच.

ग्रिफिथमध्ये ऑक्टोबर म्हणजे संत्र्यांचा मोहोर.
कालव्यापलीकडून वास येतो
आणि व्हॅक्यूमच्या पिशवीतल्या धुळीत मिसळतो.
अकरा दिवसांनी पेपर. कायद्याचा.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेल्या बाकांवर.

आई टेबलं पुसते. मध्येच फडकं खांद्यावर टाकून
कार्ड उचलते, चष्मा कपाळावरून खाली ओढते.
पुराव्याचा भार कुणावर?
सरकार पक्षावर.
किती?
वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतका.
हं, म्हणते, आणि वकिलाच्या टेबलावरचा
कॉफीचा गोल डाग नखानं खरवडते.

मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत मी एकदाच बसले.
ती ओरडली नाही. म्हणाली,
ऊठ, अनासेइनी, तिथलं पुसायचं राहिलंय.

तिला या खोलीतलं जे ठाऊक आहे
ते माझ्या पुस्तकात नाही.
सोमवारी यादी मोठी, सोमवारची पिशवी जड.
मागच्या बाकाखाली बिस्किटांचा चुरा, म्हणजे कुणीतरी
लेकरू घेऊन आलं होतं, आणि बराच वेळ थांबलं होतं.
आरोपीच्या कठड्याचं लाकूड एकाच जागी गुळगुळीत,
जिथं अंगठा येतो.
टिश्यूंचे ओले बोळे दोन्ही बाजूंना सापडतात,
जिंकलेल्यांकडे आणि हरलेल्यांकडे.
हातात घेतल्यावर फरक कळत नाही, ती म्हणते.

मे महिन्यात एका संध्याकाळी तिनं कठडा पुसला नाही.
सकाळी तिथं सोसाईआमामा उभा होता.
लायसन्स संपलेलं, आणि चिकनच्या कारखान्यात रात्रपाळी.
दुभाषी आला नव्हता. कुणी बोलावलाच नव्हता.
न कळलेल्या प्रत्येक प्रश्नाला मामा
हो म्हणाला, मान झुकवून,
चर्चमध्ये म्हणतात तसं.
बारा मिनिटं.

कार्ड एकेचाळीस, हिरवं :
न्यायापर्यंत पोचण्यातले अडथळे. खर्च, अंतर, भाषा.
'भाषा'खाली मी दोन रेघा मारल्या होत्या, एप्रिलमध्ये,
ते पेपरात हमखास येतं म्हणून.

मिसेस झानाटा सांगतात, मत नको, दाखला हवा.
खटल्याचं नाव, पुढे साल, खाली रेघ.
मामाच्या बारा मिनिटांना साल आहे.

आमच्या टोंगन भाषेत घर आवरण्याला
आणि न्यायनिवाडा करण्याला एकच शब्द.
फाकामाऊ.
खुर्च्या सरळ रेषेत लावताना आई तो उच्चारते
तेव्हा दोन्हींपैकी कुठला, मी विचारत नाही.
पंचवीस गुणांच्या उत्तरात तो बसणारही नाही.
तपासणारा तांबड्या शाईनं विचारेल : संदर्भ?

आज सगळं झाल्यावर, एक दिवा उरला असताना,
ती कार्डांचा गठ्ठा घेऊन साक्षीदाराच्या जागी टेकली.
तांदूळ निवडावा तशी एकेक बाजूला सारत राहिली.
हिरवी संपली. गुलाबी संपली.
दुभाषी मागायचा कसा,
ते कुठल्यावर आहे?

पुस्तक उघडलं. अनुक्रमणिका. मग मागची सूची.
मोहोराच्या वासानं डोकं जड झालं होतं.
शेवटी बाहेर दाराजवळच्या फलकावर सापडलं,
बारीक अक्षरात, एका फोन नंबरासह,
गेली सहा वर्षं ती ज्याची काच पुसते तो फलक.

मी पिवळ्या कार्डावर उतरवलं. आधी इंग्रजीत,
मग खाली आमच्या भाषेत, सावकाश, चुका करत.
तिनं ओठ हलवत वाचलं, एक चूक दुरुस्त केली,
गठ्ठ्यात ठेवलं नाही.
एप्रनच्या खिशात घातलं, किल्ल्यांपाशी.

पायऱ्या उतरताना दप्तरात एकशे अकरा.
विचार ना पुढचं, मी म्हणाले.
थांब, म्हणाली. आधी गाडीत बस.