दशा

परवाचं विमान. बॅगेत अजून चार किलोंची जागा,
आणि तात्यांसाठी काहीच घेतलेलं नाही.
बदाम झाले, गोळ्या झाल्या, आत्याच्या गुडघ्यांचं मलम झालं.
तात्या फोनवर म्हणाले होते, काही नको.
मग जरा थांबून,
आणायचंच तर तिथलं काहीतरी आण.

तिथलं.
फ्रीजला चिकटणारा लाल पूल मी उलटा करून पाहिला होता,
पाठीवर तिसऱ्याच देशाचं नाव.

म्हणून सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये, जॅक्सन स्ट्रीटला,
बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना
'हमासाकी ब्रदर्स'चं दार ढकललं.
ब्रदर आता एकही उरलेला नाही.
काउंटरमागे जून हमासाकी, पंचाहत्तरीच्या,
गळ्यात चष्म्याची साखळी, पायांत धावायचे बूट.
कपाटात चेरीच्या सालीचे चहाचे डबे,
डोळे रंगवायचे बाकी असलेल्या लाल बाहुल्या,
आणि खालच्या फळीवर घड्या, घड्यांवर घड्या.

एक उचलली. निळ्यावर पांढऱ्या लाटा.
मागची बाजू पाहिली, तीही तेवढीच निळी.
याला उलटसुलट नसतं, जून म्हणाल्या, तेनुगुई.
मी मनात म्हटलं, पंचा.
बावीस डॉलरचा पंचा!
रुपयांत गुणाकार करून झाल्यावर
मी नेहमीचा खडा टाकला:
कडा शिवलेल्या नाहीत याच्या.

त्या हसल्या. शिवायच्याच नसतात.
शिवणीत पाणी अडतं, लवकर वाळत नाही.
धागे सुटतील थोडे. सुटतील तेवढे कापायचे, ओढायचे नाहीत.
काही धुण्यांनंतर आपोआप थांबतात.

दशा, मी म्हटलं.
कापडाच्या सुटलेल्या धाग्यांना आम्ही दशा म्हणतो,
आणि माणसाच्या अवस्थेलाही.
पहिलं समजावलं. दुसरं राहू दिलं.

भिंतीवर फळ्या ठोकलेल्या दुकानाचा फोटो.
कधीचा?
बेचाळीसचा, म्हणाल्या, आणि पुढे काही नाही.
आमच्याकडे बेचाळीस म्हटलं की लोक छाती पुढे काढतात.
मी गप्प राहिले. मग त्याच बोलल्या, कागद कापता कापता:
दोन हातांत मावेल तेवढंच न्यायचा हुकूम होता.
आजोबांनी मालाच्या चार पेट्या ठेवल्या
जर्दाळूच्या बागेवाल्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये.
साडेतीन वर्षांनी छावणीतून परतले तेव्हा तीन होत्या.
चौथीचं त्यांनी कधी विचारलं नाही.
त्या तिनांवर दुकान पुन्हा उघडलं.

माझे चार किलो मला एकदम फार वाटले.

कागद तिरपा धरून त्यांनी घडी फिरवली,
चिकटपट्टी एकच, तीही नखाएवढी.
घासाघीस करायची राहूनच गेली.

इचलकरंजीत तात्यांनी कागद न फाडता सोडवला.
चाळीस वर्षं जॉबर, मागांच्या खडखडाटात कान गेलेले,
बोटं शाबूत.
अंगठा आणि तर्जनीमध्ये कापड धरून
डोळे मिटले, सूत ओळखलं, मान हलवली.
मग कडेपाशी आले आणि थांबले.
कड मारलेली नाही. फसवलं की गं तुला!
मी कानाशी ओरडून सगळं सांगितलं,
शिवण, पाणी, वाळणं. पेट्यांचं नाही सांगता आलं,
एवढं ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.
ऐकल्यासारखं करून त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

दोन महिन्यांनी फोन, माझ्या भर मीटिंगमध्ये.
थांबल्या गं.
काय थांबलं?
दशा.

किती धुण्यांनी, मी विचारलं. पलीकडे नुसता पंखा.
पुन्हा विचारलं, इतक्या मोठ्याने
की काचेपलीकडचे दोघं वळून बघायला लागले.

अकरा, म्हणाले.
मोजत होते.