मार्क

कस्टमच्या यादीत तुमचा देश नाही, गुलेदभाई.
मी तीनदा बघितलं, वरून खाली, खालून वर.
बर्बेरा बंदर आहे,
बंदराला कोड आहे,
बंदर ज्या जमिनीला टेकलंय तिला नाही.
मी शेजाऱ्याचं नाव टाकते.
दर वेळी टाकते, आणि दर वेळी वाटतं
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर
बापाचं नाव चुकीचं छापलं.

मस्जिद बंदर, तिसरा मजला.
गुलेदभाई कच्चा तांदूळ दाताखाली फोडतात,
कणी जिभेवर ठेवून खिडकीबाहेर बघतात.
आईच्या डोळ्यांसाठी आलेत, उतरलेत भायखळ्याला.
विमानतळावर त्यांचा पासपोर्ट
चौघांनी हातात घेतला,
चौघांनी उलटा करून बघितला.

कराचीवाला टनामागे सहा डॉलर खाली आलाय.
दुबईवाला नव्वद दिवस उधार देतो.
आमची बँक त्यांच्या बँकेचं पत्र
चिमट्यात धरल्यासारखं परत करते.
रतनसी शेठ कॅलक्युलेटर पालथा घालतात,
म्हणजे भाव संपला.

मग म्हणतात, "गोणीवर काय छापू?"

गुलेदभाईंना प्रश्न कळत नाही.
मग कळतो.
माझं पेन मागून घेतात
आणि चहाच्या बिलाच्या पाठीवर लिहितात देशाचं नाव,
सावकाश, अक्षर अक्षर,
पोराला शाळेत घालताना लिहितात तसं.

शिवडीच्या गोदामात बारकू पेडणेकरने पत्रा कापला.
पाच हजार दोनशे गोण्या, हिरवी शाई.
एक अक्षर जरा तिरकं आलं. राहू दिलं.

तपासणीचे साहेब म्हणाले,
हा कुठला देश? कागदावर तर दुसराच.
मी रकाना दाखवला, खुणा आणि क्रमांक.
"मार्क आहे साहेब. नुसता मार्क."
मार्कात मोर चालतो, नारळ चालतो,
शेठच्या नातीचं नाव चाललंय दोन वर्षं.
साहेबांनी सही केली.

सहा डॉलर महाग माल जहाजावर चढला.
पंचविसाव्या दिवशी व्हॉइस नोट आली:
धक्क्यावरचे हमाल
गोणी पाठीवर घ्यायच्या आधी वाचत होते.

पुढच्या खेपेला दुबईवाल्याने तेच नाव छापलं.
दोन रंगांत.
गुलेदभाईंनी फोटो पाठवला,
आणि खाली, आईचा डोळा आता बरा आहे,
तुमचा भाव काय?

शेठनी कॅलक्युलेटर सुलटा केला.
तो पत्रा अजून माझ्या टेबलाखाली आहे.
पाय लागला की वाजतो.