ओलं पांढरं

पांढरा रंग डबीतून थेट लावायचा नसतो,
हे कळायला माझ्या चार चादरी वाया गेल्या.
चादरी म्हणजे काय, टिश्यू पेपरचे तुकडे,
फेविकॉलच्या पाण्यात बुडवून
दोन टाचण्यांमधल्या दोऱ्यावर टाकलेले,
रुपयाच्या नाण्याएवढे.
वाळल्यावर चुन्याची फक्की मारल्यासारखे दिसले.
भिंत वाटायची, कापड नाही.

मग राखाडीपासून सुरुवात केली.
राखाडीत चिमूटभर गेरू,
खोल चुणीत निळा,
ब्रशच्या टोकाला लागेल न लागेल इतका.
वर ताकासारखा पातळ हात, वाळू द्यायचा,
पुन्हा हात, पुन्हा वाळू द्यायचा.
खरा पांढरा सगळ्यात शेवटी,
फक्त ऊन टेकतं तिथे: काठावर, घडीच्या कण्यावर.
बाकी चादरभर पांढरा नाहीच.
डोळाच तो भरून घेतो.

टेबलावर गंगाघाट मांडलाय, दोन फूट बाय दीड.
नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतो आम्ही,
काशीला जाऊन आलेलेसुद्धा.
पुलाची एक कमान, थर्माकोलच्या पायऱ्या,
वर चहाच्या गाळणीनं गाळलेली रेती,
पाच परीट, एक गाढव,
उतारावर वाळत घातलेली एकोणीस कापडं.
ऑर्डर गंगापूर रोडच्या हॉटेलची.
त्यांना लॉबीत जुनं नाशिक हवंय.
"स्वच्छ दिसलं पाहिजे मॅडम," मॅनेजर म्हणाला,
"एकदम शुभ्र."

माझा बाप चाळीस वर्षं त्या पाण्यात
गुडघाभर उभा होता.
आमच्या घरात शुभ्र हा शब्द कुणी वापरला नाही.
आबा म्हणायचे, निघालं.
किंवा म्हणायचे, नाही निघालं.

एकोणिसावं कापड झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
सगळं बरोबर होतं आणि काहीतरी नव्हतं.
कुणाचीच नसलेली कापडं ती.
मग ट्रिपल झिरोच्या ब्रशचे केस कापून
एकच केस ठेवला
आणि कोपऱ्याकोपऱ्यात बिब्ब्याच्या खुणा केल्या:
दोन ठिपके एक रेघ. तीन ठिपके. उलटी फुली.
हॉटेलात कोण भिंग घेऊन येतंय?

सकाळी आबा आले.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसऱ्याचा दिवाळीनंतर.
भिंग दिलं हातात. बराच वेळ बोलले नाहीत.
गाढवापाशी हसले.
"हे आपलं नव्हे. आपल्याचा डावा कान फाटका होता."
मग कापडांवर आले,
एकेक करत, ओठ हलवत,
पूर्वी गाठोडं सोडताना हलवायचे तसे:
"बोरसे बाईंचा दवाखाना.
दवाखाना.
दवाखाना.
हे वैशंपायनांचं धोतर.
ही उलटी फुली, ही कुणाची गं?"

मी म्हटलं, ती उगाच केली मी.

"उगाच कशी," आबा म्हणाले,
"तिलाही घर असणार की."

भिंग ठेवता ठेवता म्हणाले,
तिसऱ्या ओळीत नीळ जास्त झालीय.
झालीच होती.

आता उरलाय पाण्यातला माणूस.
दीड इंच उंच, हात डोक्याच्या वर,
आपटायच्या आधीच्या क्षणात थांबलेला.
त्याच्या हातातलं कापड अजून राखाडीच आहे.
कोरडं पांढरं जमतं मला आता.
ओलं वेगळं.
त्यातून पलीकडचं दिसतं,
आणि ते जड असतं.
जड कसं रंगवायचं,
मी आबांना विचारलं.

त्यांनी दाखवायला दोन्ही हात वर केले.
खांद्यापर्यंतच गेले.