नव्वद अंशांवर

हार्यावाल्टा, रात्रपाळी. बाहेर उणे एकवीस.
नदी गोठलीय, आमच्या टाक्या तेवढ्या वाफाळताहेत.

दिवसभर ट्रक रिकामे झाले:
ड्रिलच्या बॅटऱ्या, स्कूटरच्या,
कुणाचा तरी पहिला फोन, पाठीवर फुगवटा आलेला.
आधी त्यांच्यातली उरलीसुरली धग काढून घ्यायची.
मेलेल्या वाटतात, पण असतं काहीतरी शिल्लक;
मागच्या वर्षी आर्मासची एक भुवई त्यात गेली.

मग चक्की. मग काळी भुकटी,
नखांत शिरली की रविवारपर्यंत निघत नाही.
मग आम्ल.
तांबं आधी सुटतं, मँगनीज, कोबाल्ट मागोमाग,
निकेलचं हिरवं पाणी वेगळ्या नळाने जातं.
लिथियम मात्र शेवटपर्यंत पाण्यातच,
पंगत उठली तरी
पानावर बसून राहिलेल्या माणसासारखं.

त्यात सोडा घालायचा आणि तापवायचं.
साखर, तुरटी, सगळं ऊन पाण्यात विरघळतं,
हे एकटं उफराटं.
पाणी जितकं तापेल तितकं हे खाली बसतं.
नव्वद अंशांवर काचेआड दूध नासल्यासारखं होतं,
मग पांढरा साका.
धुवायचंही गरम पाण्यानेच.
थंडाने धुतलं तर हातचं निसटतं.
नव्या पोरांना हे दोनदा सांगावं लागतं.

माझा भाऊ ओइवा हीच पूड खातो.
एकवीस वर्षं. सकाळी एक गोळी, रात्री दोन.
त्याआधीच्या वसंतात तो अकरा रात्री झोपला नव्हता.
होडी तीनदा रंगवली, चौथ्यांदा
शेजाऱ्याची ओढून आणली.
दारात उभा, हातात ब्रश, डोळे इतके लख्ख
की आईने दिवा मालवला.
पुढचा अख्खा उन्हाळा
तो भिंतीकडे तोंड करून होता.

दर तीन महिन्यांनी त्याचं रक्त तपासतात.
दर दोन तासांनी मी टाकी.
फोन करतो: "आज किती बसलं खाली?"
इथलं औषधाला जात नाही, ओइवा,
गाड्यांना जातं.
"माहितेय गं. पण किती?"
मी आकडा सांगते.
तो जरा वेळ गप्प.
मग बर्फाला पाडलेल्या भोकाबद्दल बोलतो,
गळाला लागलेल्या, परत सोडून दिलेल्या माशाबद्दल.

चार वाजता गाळणी उघडली.
ओला पांढरा थर, बोटभर जाड.
हातमोजा काढायला मनाई आहे.
काढला.
काही विशेष नाही, ओल्या खडूसारखं, कोमट.
वहीत लिहिलं: वजन, ओलावा, वेळ.
आर्मासने विचारलं, कॉफी?
म्हटलं, थांब, अजून एकदा धुते,
आणि गरम पाण्याची तोटी सोडली.