शारजाची दरखास्त

तीस वर्षं ठाणे कोर्टात बेलीफ आहे,
पण हुकूमनामा उलटा धरला तो पहिल्यांदाच.
नाझर म्हणाले, म्हसकर, हा उजवीकडून सुरू होतो.
मागे शिक्क्यांवर शिक्के, इतके की
कागद पापडासारखा वाजत होता.

बेचाळीस हजार सातशे दिरहम.
अकरा महिन्यांचा पगार, आणि परतीचं तिकीट,
जे परकारने मेव्हण्याकडून उसनं घेतलं.

त्याचे रुपये करण्यात चार तारखा गेल्या.
भाव कुठल्या दिवसाचा धरायचा?
घाम गाळला त्या दिवसाचा,
तिथल्या न्यायाधीशाने सही केली तेव्हाचा,
की आजचा, चढलेला?
वकील भांडत होते. परकार मागच्या बाकावर
मान वर करून डोळ्यात थेंब घालत बसलेला.
वेल्डिंगचे डोळे.

मग घोडबंदरला निघालो, मी आणि तो.
जप्तीला दाखवणारा लागतो : हेच घर, हाच माणूस.
रिक्षात म्हणाला, पहिल्या ईदला ह्याच माणसाने
सगळ्या पोरांना बिर्याणी पाठवली होती. चांगली होती.
पुढे मानपाडा येईपर्यंत गप्प.

गेटवर वॉचमनने मोबाईल काढला.
काम काय?
बजावणी, मी म्हणालो.
त्याच्याकडे पाहुणे होते, टॅक्सी होती, डिलिव्हरी होती.
त्याने डिलिव्हरी दाबलं.

बाविसावा मजला. दारातूनच आरपार खाडी.
साहेब म्हणाले, अहो, ते तिकडचं प्रकरण,
इथे कशाला आणलंत?
वाद घालणं माझं काम नाही. मी यादी करतो.
एसी तीन. टीव्ही एक, भिंतभर. सोफा.
काय सोडायचं तेही पाठ आहे :
अंगावरचे कपडे, अंथरुणं, स्वयंपाकाची भांडी,
बाईने धर्माप्रमाणे उतरवायचे नसतात ते दागिने,
कारागिराची हत्यारं.

सवयीने मोठ्याने म्हणत होतो.
परकार उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा.
माझी तिकडेच राहिली, म्हणाला.
आत जायचा पासच काढून घेतला होता.

वहिनींनी न विचारता पाणी आणलं, दोन ग्लास.
पाणी यादीत येत नाही. दोघेही प्यायलो.
साहेब आतल्या खोलीत चेकबुक शोधत होते,
निदान कपाटाचा आवाज तरी येत होता.

मी अहवालात वेळ घातली : बारा वाजून दहा मिनिटं.
तिकडे किती वाजले असतील, उगाच विचारलं.
दहा चाळीस, परकार म्हणाला,
घड्याळ न बघता.