कोरडा खड्डा

मेनच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथे,
फिलियासनं बॅकहोचा जबडा जमिनीला टेकवला
तेव्हा ओझीत तेरिओ काठीवर रेलून म्हणाल्या,
"इथे पाणी नाही. साठ वर्षं बघतेय.
ऑगस्टात बेडूकसुद्धा फिरकत नाही इकडे."

मी मान हलवली. सगळेच असं म्हणतात.
नातवाचं घर इथेच व्हायचं होतं, नदी दिसते म्हणून.
आणि घर म्हटलं की न्हाणीघर, संडास,
त्यांचं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न.
माझं पोट त्याच्यावरच:
कुठे पाणी मुरतं, ते शोधून काढणं.

आठ इंच काळी, बटाट्याची माती. मुळं. एका बशीची कड.
त्याखाली तपकिरी, भुसभुशीत,
चिमटीत रव्यासारखी.
मग बकेटचे दात कचकचले:
बर्फाच्या ओझ्याखाली चेपून गेलेला थर,
ज्यात कुदळ मारली तर मनगट दुखतं.
चार फुटांवर थांबलो.
तळ ठणठणीत कोरडा.
इंजिन बंद झालं, तसे टोळ ऐकू आले.

"बघ," ओझीत म्हणाल्या.

एका टोकाला उतार ठेवला होता, तिथून मी आत गेले.
यंत्र भिंतीला माती फासून जातं,
ती खुरप्यानं सोलून काढली,
आणि चौदा इंचांवर ते दिसले.
राखाडी डाग, त्यांच्या कडांना गंज,
जुन्या बादलीच्या बुडाला असतो तसा.
बर्फ वितळलं की पाणी इथवर चढत असणार,
आठवडेच्या आठवडे राहत असणार,
मातीतलं लोखंड उचलून इकडचं तिकडे करत,
भाडेकरू खोलीतलं सामान हलवतो तसं.
मग निघून जात असेल. ऑगस्टात कोण विचारतं?

"चौदा," मी वर बघून म्हटलं. "पुरत नाही."

त्या खाली उतरतील असं वाटलं नव्हतं.
ब्याऐंशी वर्षांच्या, रबरी बुटांत, काठी फिलियासकडे देऊन.
अंगठ्यानं एक डाग चोळला. वास घेतला.
"लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी
ह्या कोपऱ्यातलं सगळं बेणं कुजलं.
आर्मां म्हणाला, कापताना तू डोळे चुकवलेस.
मी पोटुशी होते, सारखी झोप यायची,
मला वाटलं, चुकवले असतील."

फिलियास त्याच्या थर्मासचं झाकण
लावत होता, काढत होता.

"चौदा?"
"चौदा."
मग त्यांनी तोच आकडा फ्रेंचमध्ये म्हटला,
हळू, दुसऱ्या कुणाला तरी.

दुसरा खड्डा चढावर घेतला, रानसफरचंदाच्या झाडाजवळ.
एकतीस इंचांपर्यंत एकही डाग नाही.
"पण इथून नदी दिसत नाही," कोडी म्हणाला.
"माडी बांध," आजी म्हणाली.

पहिला खड्डा बुजवायला दहा मिनिटं लागली.
फिलियासनं बकेट उलटी करून दोनदा थोपटलं
तरी थोडा उंचवटा राहिलाच,
काढलेली माती परत तेवढ्याच जागेत मावत नाही.

गाडीत बसताना मी पाहिलं,
ओझीतच्या कोटाचा खिसा एका बाजूला लोंबत होता.
डागांचा एक गोळा, मुठीएवढा.
"हे कशाला?"
"आर्मांला दाखवते."

दफनभूमी चर्चच्या मागे आहे, टेकाडावर.
उत्तम निचऱ्याची जमीन.