मंगळवार म्हणजे प्लग

सहा हिवाळे ही मोटारहोम शेडमध्ये उभी आहे.
डॉज, सन त्र्याऐंशीची,
चाकांखाली फळ्या, पुढची काच कबुतरांनी पांढरी केलेली.
बाहेर सस्कॅचवानचा एप्रिल, म्हणजे चिखल,
आणि चिखलाखाली अजून बर्फ.
ओरेस्ट घडीच्या खुर्चीत बसलाय,
उजवा हात मांडीवर,
कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.

झटका आला त्या दिवसापासून
त्याच्या तोंडी शब्द येतात ते शेजारच्या घरचे.
तेलाला तो सूप म्हणतो.
प्लगला मंगळवार.
मी बहुतेक वेळा लिडियाच,
कधी कधी पाना.

"मंगळवार," तो म्हणाला.
मी आठही मंगळवार काढले, वर्तमानपत्रावर मांडले,
कुठल्या भोकातला कुठला ते खडूनं लिहून.
पाचवा काजळीनं माखलेला.
त्याच्याकडे बोट दाखवून तो खूप वेळ हसला,
जुना कुणी ओळखीचा भेटावा तसा.

मग सूप. प्रत्येक भोकात दोन चमचे.
मग म्हणाला, "रात्र."
रात्र म्हणजे काय हे शोधण्यात अर्धा तास गेला.
कॉइल दाखवली, पंप दाखवला, पट्टा दाखवला.
तो मान हलवत राहिला, शेवटी डोळे मिटून घोरून दाखवलं.
रात्र म्हणजे रात्रच.
तेल सकाळपर्यंत मुरू द्यायचं.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता:
माझ्या हरवलेल्या हातमोज्याची लोकर,
मूठभर गहू,
आणि गाडीच्या पुस्तिकेची पानं, चाळीस ते बावन्न,
बारीक कुरतडून मऊ केलेली.
नेमकी इंजिनाचीच.

पुतण्या क्लेटन फोनवर म्हणाला, विकून टाका,
भंगारवाला चारशे देईल.
मी म्हटलं, विचारून सांगते,
आणि विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या पान्यानं
मी क्रँक फिरवायला गेले. हलेना.
दांड्याला लोंबकळले, एकाहत्तर वर्षांची बाई,
ओव्हरऑलमध्ये, एक पाय बंपरवर.
अर्धा इंच.
मग पाव फेरा.
आत कुठेतरी काहीतरी चिकट, नाखुशीनं सुटलं.

जुनं पेट्रोल काढलं. चहाच्या रंगाचं, वार्निशचा वास.
नळ्या बोटांत वाळक्या शेंगांसारख्या मोडल्या.
नव्या आणायला चव्वेचाळीस किलोमीटर.
बॅटरी फ्रीसनच्या ट्रॅक्टरची, रविवारपर्यंत उसनी.
कॉइलची वायर काढून तीनदा नुसतंच फिरवलं,
सूप वर चढावं म्हणून.
वायर परत लावली.

खोकला.
कार्बोरेटरमधून एक ज्वाळा, तिनं माझी भुवई थोडी नेली.
पुन्हा खोकला, निळा धूर,
आणि मग ती चालूच झाली,
सगळं शेड थरथरलं, पत्र्यावरची कबुतरं उडाली,
मी स्टिअरिंगवर हात आपटत काहीतरी ओरडत होते.

"बंद कर!"

स्वच्छ. पूर्वीसारखं,
मी काही चुकले की ज्या आवाजात म्हणायचा तसं.
मी किल्ली फिरवली.
इतकी खूश झाले की काय चुकलं ते विचारायचंच राहिलं.
तो डाव्या हातानं डॅशबोर्डकडे दाखवत होता:
तेलाचा काटा शून्यावर, जागचा हललेला नाही.
खुर्चीतून, उघड्या दारातून, त्या धुरातून
त्यानं तेवढंच पाहिलं होतं.

सेन्सरची वायर लोंबत होती. तीही उंदरांनीच.
टेप लावली.
दुसऱ्या वेळी काटा उठला, चाळिसावर जाऊन टेकला.

टायर एकोणीस वर्षांचे आहेत.
ब्रेकचं अजून पाहिलेलं नाही.
जाऊन जाऊन धान्याच्या एलेव्हेटरपर्यंत जाऊ, तेही हळू.
इंजिन गरम होत होतं, तो ऐकत होता, मान एका बाजूला,
आणि म्हणाला, "शनिवार."

फ्रिजवरच्या यादीत मी लिहून ठेवलंय:
मंगळवार, प्लग.
सूप, तेल.
रात्र, रात्र.
शनिवार,
आणि पुढे जागा मोकळी.